एवढं मोठं मशीन आहे, मग रक्त पुन्हा का मागवतात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनींचे सासरे ठाण्यातल्या एका रुग्णालयात दाखल झाले. वय अठ्ठ्याहत्तर, ताप आणि कमालीचा थकवा. सकाळी साडेसातला रक्त घेतलं आणि साडेआठच्या आत सीबीसीचा रिपोर्ट वहिनींच्या मोबाइलवर हजर. थोड्याच वेळात लॅबमधून वॉर्डात फोन आला : पोटॅशियमसाठी रक्त पुन्हा पाठवा. वहिनी भडकल्या. मी लॅब टेक्निशियन आहे हे त्यांना माहीत, म्हणून संध्याकाळी त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"ताई, तिथे म्हणे सगळं मशीनवर होतं. एक रिपोर्ट इतक्या झटकन आला की तो कुणी बघितला तरी का, अशी शंका येते. आणि दुसऱ्यासाठी म्हाताऱ्या माणसाला परत टोचलं. मग ते मशीन करतं तरी काय?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या लॅब आता बऱ्याच अंशी स्वयंचलित झाल्या आहेत, पण काचेपलीकडे काय चालतं हे पेशंटला कुणी सांगत नाही. मी ठाण्याहून वाशीला रोज जाऊन हेच काम करते. जिन्यात उत्तर अर्धवटच देता आलं, ते इथे पूर्ण करते.

नळीच्या टोपणाचा रंग

रक्त घेणारी ताई दुसरी नळी लावते तेव्हा पेशंटचा प्रश्न ठरलेला : "एवढं रक्त?" तीन नळ्यांचं मिळून जेमतेम दोन चमचे भरतं. पण ते वेगवेगळ्या नळ्यांत का, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. त्यामुळे रक्त गोठत नाही, पेशी सुट्या राहतात आणि मोजता येतात. सीबीसी म्हणजे पेशींची मोजदाद, ती याच नळीतून होते. पिवळ्या किंवा लाल टोपणाच्या नळीत उलट रक्त गोठू द्यायचं असतं. गोठलेला भाग खाली बसला की वर जो पिवळसर, निवळ द्रव राहतो त्याला सिरम म्हणतात. किडनी, लिव्हर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल हे सगळं सिरममध्ये तपासलं जातं. करड्या टोपणाची नळी साखरेसाठी. नळीत गेल्यावरही पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरते. करड्या नळीतलं फ्लोराइड त्यांच्या या खाण्याला आवर घालतं. निळं टोपण रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघण्यासाठी. तिच्यात नऊ भाग रक्त आणि एक भाग औषध हे प्रमाण लागतं, आणि नळी रेषेपर्यंत भरली तरच ते साधतं.

आता यातली मेख. ईडीटीए ज्या रूपात वापरतात त्यात पोटॅशियम असतं. जांभळ्या नळीतलं थोडंसं जरी पिवळ्या नळीत गेलं तरी पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो आणि कॅल्शियमचा खोटा घटतो. म्हणून कोणती नळी आधी भरायची याचा क्रम ठरलेला आहे. तो पाळणं मशीनच्या हातात नाही, पलंगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आहे.

गिरणीतला डबा

रिपोर्ट चुकला म्हटलं की तपासणी चुकली असं आपण धरून चालतो. लॅबमधल्या चुकांचा जगभर अभ्यास झाला आहे आणि त्यातून पुन्हा पुन्हा हेच दिसलं की बहुतेक चुका तपासणी सुरू होण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. नळी चुकते, रक्त कमी पडतं, नमुना पोचायला उशीर होतो. सगळ्यात वाईट म्हणजे नावांची अदलाबदल.

पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. स्टीलचे दहा डबे रांगेत, दिसायला सगळे सारखे, प्रत्येकावर एक चिठ्ठी. चिठ्ठी उडाली किंवा दुसऱ्या डब्यावर गेली तर गिरणीवाला कितीही तरबेज असो आणि पीठ कितीही बारीक येवो, तुमची ज्वारी दुसऱ्याच्या घरी जाते.

जुन्या लॅबमध्ये ही चिठ्ठी वारंवार लिहावी लागायची. नळीवर पेनने नंबर, मग रजिस्टरात नंबर. सिरम छोट्या नळीत काढायचं, तिच्यावर पुन्हा नंबर. मशीनच्या कोणत्या खाचेत कुणाची नळी ठेवली त्याची यादी, आणि शेवटी आकडे बघून हाताने रिपोर्टवर उतरवायचे. मी अशाच लॅबमध्ये उमेदवारी केली. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची गर्दी सकाळी आठ ते अकरा अशी काही असायची की ४१७ चा ४७१ तर नाही ना झाला, ही धास्ती घरी आल्यावरही पाठ सोडत नसे.

स्वयंचलित लॅबने पहिला घाव घातला तो या लिहिण्यावर. नळीवर बारकोडचं स्टिकर एकदाच लागतं. पुढे प्रत्येक यंत्र ते स्वतः वाचतं, कोणती तपासणी करायची हे लॅबच्या संगणकाला विचारतं आणि आकडा थेट त्याच पेशंटच्या नावावर टाकतं. मधल्या पाच-सहा ठिकाणी लागणारा पेन गेला. वेग वाढला हे लोकांना दिसतं. माझ्या लेखी पेन गेला, हे वेगापेक्षा मोठं आहे.

पण पहिलं स्टिकर? ते आजही माणूसच लावतो. ते चुकीच्या नळीवर लागलं तर पुढची सगळी यंत्रणा ती चूक अत्यंत इमानदारीने शेवटपर्यंत पोचवते.

तुर्भ्यानंतरचा फाटा

ठाण्याहून सुटलेली ट्रान्स-हार्बर लोकल ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्यापर्यंत एकाच वाटेने जाते. पुढे फाटा आहे. वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, पनवेलची जुईनगरकडे. लॅबमधला सरकता पट्टा असाच चालतो. प्रत्येक नळी स्वतःच्या छोट्या बैठकीत उभी असते, फाट्यावर तिचा बारकोड वाचला जातो आणि तिला हव्या त्या यंत्राकडे वळवलं जातं.

वाटेत थांबे असतात. पहिला सेंट्रीफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून जड भाग तळाला बसवणारं यंत्र. त्यानंतर एक यांत्रिक हात टोपण काढतो. मग तपासणीची यंत्रं. शेवटी नळी पुन्हा बंद होऊन शीतकपाटात जाते, आणि कोणत्या खणात कितवी हे संगणकाला ठाऊक असतं. दुपारी वॉर्डातल्या डॉक्टरांना आणखी एखादी तपासणी हवीशी वाटली आणि ती त्याच नमुन्यात होण्यासारखी असली, तर ठेवलेली नळी काढून ती करता येते. पेशंटला टोचावं लागत नाही. हा फायदा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाची ट्रोपोनिनची नळी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी तपासणी, फास्ट लोकलसारखी पुढे काढली जाते. बाकीच्या वाट देतात.

रक्ताची यंत्रं तशी जुनी. पेशी मोजण्याच्या युक्तीचं पेटंट अमेरिकेत वॉलेस कुल्टर यांना १९५३ मध्ये मिळालं. लिओनार्ड स्केग्ज यांनी कल्पिलेलं रासायनिक तपासण्यांचं ऑटोअ‍ॅनालायझर १९५७ मध्ये बाजारात आलं. पण ही यंत्रं सुटी बेटं होती, बेटाबेटांत नळ्या वाहून न्यायला माणूसच लागे. ती पट्ट्याने जोडायची कल्पना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. मासाहिदे सासाकी यांनी जपानमधल्या कोची वैद्यकीय महाविद्यालयात उभी केली. आज आपण बघतो ते त्याच कल्पनेचं वंशज.

वेळेचा हिशेबही इथेच सांगते, कारण "मशीन आहे तर तीन तास कशाला?" हे रोज ऐकावं लागतं. पिवळ्या नळीतलं रक्त गोठायला साधारण अर्धा तास लागतो. फिरवायला दहा मिनिटं. बऱ्याच रासायनिक क्रियांना दहा मिनिटं, थायरॉइडसारख्या तपासण्यांना त्याहून जास्त. म्हणजे रांगेत एकही नळी नसली तरी तास जाणारच. रक्ताला घाई करता येत नाही. अर्धवट गोठलेलं रक्त फिरवलं तर सिरममध्ये तंतू राहतात, ते यंत्राच्या सुईत अडकतात आणि आकडे बिघडतात. सीबीसीला मात्र ना गोठायचं असतं ना फिरायचं. यंत्राला एका नमुन्याला मिनिटभर लागतं. वहिनींच्या मोबाइलवर सीबीसी आधी आली ती यामुळे.

कोकम सरबत आणि अरुंद दार

मशीन "बघतं" म्हणजे काय करतं? पुष्कळशा रासायनिक तपासण्या रंगावर चालतात. कोकम सरबताचा ग्लास दिव्यासमोर धरला की आगळ किती घातलंय हे पिण्याआधीच कळतं. गडद असेल तर उजेड कमी आरपार येतो. साखर मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत सिरममध्ये रसायन मिसळलं की गुलाबी रंग येतो. साखर जितकी जास्त तितका रंग गडद. यंत्र त्यातून प्रकाशाचा किरण सोडतं आणि किती अडला ते मोजतं.

पेशी मोजायची पद्धत वेगळी. रक्त भरपूर पातळ करून एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओढतात. छिद्राच्या दोन्ही बाजूंना वीज खेळवलेली असते. एकेक पेशी त्या अरुंद दारातून जाताना क्षणभर विजेला अडथळा होतो. अडथळे किती यावरून पेशी किती ते कळतं, आणि अडथळा केवढा यावरून पेशी केवढी. डोळ्याला सूक्ष्मदर्शकाखाली काहीशे पेशी मोजता मोजता थकवा येतो. यंत्र काही सेकंदांत हजारो मोजतं.

पण या दाराला एकच कळतं : कुणीतरी आत गेलं आणि ते एवढ्या आकाराचं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रिपोर्ट खरंच कुणी बघितला का?

सरळ सांगते. मोठ्या लॅबमध्ये प्रत्येक रिपोर्टवर प्रत्येक वेळी माणसाची नजर फिरतेच असं नाही. ज्याला ऑटोव्हेरिफिकेशन म्हणतात, म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांनुसार संगणकानेच रिपोर्ट पुढे सोडणं, ते अनेक ठिकाणी चालतं. ऐकून धस्स होईल, पण नियम कोणते ते बघा.

आकडा ठरलेल्या मर्यादेत हवा. नमुन्याबद्दल यंत्राने कोणतीही शंका नोंदवलेली नको. त्या दिवशीची यंत्राची स्वतःची परीक्षा उत्तीर्ण हवी. आणि त्या पेशंटच्या आधीच्या रिपोर्टशी ताळमेळ हवा. या शेवटच्याला डेल्टा चेक म्हणतात. पासबुकात कालची शिल्लक आठ हजार आणि आज अचानक आठ लाख दिसली, तर आनंद होण्याआधी आपण नाव तपासतो, तसंच. यातलं एकही चुकलं की रिपोर्ट अडतो आणि माणसापुढे येतो.

एकदा आमच्याकडे एक सीबीसी अशीच अडली. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी सगळं पटण्यासारखं होतं. पण लाल पेशींचा सरासरी आकार, ज्याला एमसीव्ही म्हणतात, आदल्या दिवशी ७८ होता आणि आता ९४. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. रक्त चढवलं नसेल तर सगळ्या पेशींचा आकार एका रात्रीत बदलणं शक्यच नाही. वॉर्डात फोन केला. शेजारशेजारच्या दोन पलंगांच्या नळ्यांवर स्टिकरं उलटसुलट लागली होती. पूर्वीच्या हातरजिस्टराच्या दिवसांत हा आकडा माझ्याही नजरेतून सुटला असता, कारण कालचा रिपोर्ट शोधायला वेळ कुणाला होता? आणि तो पेशंट पहिल्यांदाच आलेला असता तर? ताडून बघायला कालचा आकडाच नसता. ती चूक यंत्राला दिसली नसती, आणि मलाही नाही.

थोडक्यात, नियम एकदा डोकं लावून ठरवायचे, म्हणजे रोजच्या शेकडो साध्या रिपोर्टांत नजर दमत नाही आणि जे थोडे विचित्र आहेत त्यांच्यासाठी ती ताजी राहते. हे नियम पॅथॉलॉजिस्ट ठरवतात आणि जबाबदारीही त्यांचीच. लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. नियम न तपासता, वर्षानुवर्षं तेच चालू ठेवणारी लॅब असेल तर तिथे ऑटोव्हेरिफिकेशन मला मान्य नाही.

पण मशीनच चुकलं तर?

भाजीवाल्याचा काटा बरोबर आहे की नाही हे प्रमाणित वजन ठेवून बघतात. लॅबमध्ये ते वजन म्हणजे कंट्रोल, आधीच आकडा माहीत असलेला नमुना. पेशंटच्या नळ्या लावण्याआधी तो चालवतात, एक नेहमीच्या पातळीचा आणि एक वाढलेल्या पातळीचा. उत्तर ठरलेल्या मर्यादेत आलं नाही तर त्या तपासणीचे रिपोर्ट थांबतात. एवढ्यावर भागत नाही. रोजची उत्तरं आलेखावर मांडतात. सलग दहा उत्तरं मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडली तर, ती सगळी मर्यादेत असूनसुद्धा, यंत्र हळूहळू सरकतंय असं समजायचं. पास-नापासपेक्षा हा कल ओळखणं जास्त महत्त्वाचं वाटतं मला.

तरीही यंत्र फसतं, आणि पावसाळ्यात ते कसं फसतं हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं. डेंग्यूच्या भीतीने लोक प्लेटलेटचा आकडा शेअर बाजारासारखा बघतात. निरोगी माणसात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. काही लोकांच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. त्यांचा घोळका अरुंद दारातून एकत्र जातो आणि यंत्र त्याला प्लेटलेट मानतच नाही. शरीरात प्लेटलेट पुरेशा, कागदावर चाळीस हजार! चांगलं यंत्र अशा वेळी शंकेची खूण करतं. मग टेक्निशियन काचपट्टीवर रक्ताचा थर पसरतो, रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. घोळके दिसले की निळ्या टोपणाच्या नळीत रक्त पुन्हा घेतात आणि त्या नळीतल्या द्रवाने पातळ झालेलं धरून आकड्याला १.१ ने गुणतात. प्लेटलेट अचानक खूप कमी दिसल्या आणि तब्येत त्या मानाने ठीक असली, तर "काचपट्टी बघितली का?" हे जरूर विचारा. तो प्रश्न कुठल्याही चांगल्या लॅबला आवडतो.

माणसांची कामं गेली का? वीज गेली तर?

नळ्या उचलून ठेवण्याचं काम कमी झालं, हे खरं. ज्या मुलांनी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनची पदविका, करून फक्त तेवढंच शिकलं त्यांना हे जड गेलं, आणि त्यांना नवं शिकवण्याची जबाबदारी लॅबची आहे असं मी आग्रहाने म्हणेन. काचपट्टी वाचणं, कंट्रोलचा आलेख समजणं, अडलेल्या रिपोर्टचा छडा लावणं ही कामं उलट वाढली आहेत.

विजेचं म्हणाल तर १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, ऐन लॅबच्या गर्दीच्या वेळी. यूपीएस आणि जनरेटरवर यंत्रं तगतात. पण एसी आणि यंत्रांना लागणारं शुद्ध पाणी यांचाही विचार आधी करून ठेवावा लागतो. म्हणून तातडीच्या तपासण्यांसाठी पट्ट्याला न जोडलेलं एक यंत्र आणि कागदाचं रजिस्टर अजूनही हाताशी ठेवतात.

मग सासऱ्यांना पुन्हा का टोचलं?

पोटॅशियम शरीरात मुख्यतः पेशींच्या आत असतं. लाल पेशीत ते सिरमच्या वीस पटींहून जास्त. रक्त घेताना लाल पेशी फुटल्या तर आतलं पोटॅशियम सिरममध्ये सांडतं. या फुटण्याला हिमोलिसिस म्हणतात. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, दंडाला फार वेळ आवळलेली पट्टी, नळी जोराने हलवणं, अशी बरीच कारणं. वयस्कर माणसाच्या नाजूक शिरेत कुणाचीही चूक नसताना होऊ शकतं.

फुटलेल्या पेशींनी सिरम गुलाबी होतं. गर्दीच्या वेळी फिकट गुलाबी छटा डोळ्यातून निसटते. यंत्र मात्र प्रत्येक नळीच्या सिरमचा रंग मोजतं आणि मर्यादेपलीकडे गेला तर पोटॅशियमचा आकडा रोखून धरतं. वहिनींच्या सासऱ्यांच्या नळीत हेच झालं होतं. तो आकडा तसाच गेला असता तर वाढलेलं दिसलं असतं, आणि पोटॅशियम उतरवायची औषधं गरज नसताना सुरू होऊ शकली असती. कमी झालेलं पोटॅशियम हृदयाचा ठोका बिघडवतं. याच्या उलटही होऊ शकतं. खरोखर कमी असलेलं पोटॅशियम सांडलेल्या पोटॅशियमने झाकलं जातं आणि रिपोर्ट "नॉर्मल" दिसतो.

वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प झाल्या. मग विचारलं, "उद्याही रक्त घेणार आहेत. मी काय बघू?"

म्हटलं, रक्त घेणाऱ्याने सासऱ्यांना त्यांचं पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून विचारलं पाहिजे. "पाटील ना तुम्ही?" असं विचारलं तर अर्धवट गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. नळीवरचं स्टिकर पलंगाजवळच लागायला हवं, नर्सच्या टेबलावर नेऊन नव्हे, आणि त्यावरचं नाव तुम्हीही वाचा. सलाइन ज्या हाताला चालू आहे त्या हातातून रक्त घेऊ देऊ नका, सलाइन मिसळून सगळे आकडे बदलतात. मूठ सारखी उघडझाप करायला लावू नका, त्यानेही पोटॅशियम वाढतं. आणि केसांसाठी तुम्ही बायोटिनच्या गोळ्या घेता ना, तुमची थायरॉइडची तपासणी असेल तेव्हा ते आधी सांगा, काही पद्धतींमध्ये त्याने आकडा फसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. सलाइन डाव्या हाताला होतं, त्यांनी उजवा पुढे करायला लावला. पोटॅशियम ४.३ आलं होतं. मर्यादा विचारली, मी सांगितली : साडेतीन ते पाचच्या आसपास.

"आणि ताई," त्या म्हणाल्या, "नाव मी दोनदा वाचलं. त्या मुलीने पहिल्यांदा बाजूच्या पलंगाचं स्टिकर हातात घेतलं होतं. तिचं तिलाच कळलं, लगेच बदललं."